सुहासिनीकाकींच्या तळहातातलं शिंग

उमेळ्यात सुहासिनी राऊतांच्या ओट्यावर एके काळी सकाळी बसायला जागा मिळत नसे. गालगुंडाने एका बाजूला फुगलेली पोरं, मान अवघडलेले बाप्ये, बागेत पाण्याच्या पाटावरून घसरून घोटा सुजवून आलेल्या बायका, सगळे ओळीने बसायचे. मग काकी आतून यायच्या, पडदा वर गेल्यावर यावं तशा. अंगावर साधंच पातळ, पण पदर खोचण्याची अशी काही तऱ्हा की रडणारं पोरही क्षणभर गप्प व्हायचं. एका हातात सहाण, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं आणि कनवटीला फडक्यात बांधलेलं सांबरशिंग.

आता त्या ओट्यावर कावळे बसतात. येणारेजाणारे मान फिरवतात. बेटी लोपीसचं आणि काकींचं कुंपण एकच. चाळीस वर्षं त्या कुंपणावरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे गेल्या. तीच बेटी आज अंगण झाडताना धूळ काकींच्या बाजूला लोटते, आणि लोटून झाल्यावर झाडू दोनदा आपटते.

हे असं का झालं, त्याची ही गोष्ट.

सांबराचं शिंग दरवर्षी गळून पडतं आणि पुन्हा नवं येतं. असं एक गळलेलं शिंग राऊतांच्या घरात तीन पिढ्या होतं. काकींना ते सासूकडून, मथुराबाईंकडून मिळालं. ते सहाणेवर पाण्यात उगाळायचं आणि पांढरट लेप सुजेवर लावायचा. उगाळायचं नेहमी टोकाकडून. बुड राखायचं, कारण बुड तळहातात धरायचं असतं. गळलेल्या शिंगाचं बुड गोलसर, खडबडीत, आणि त्याच्या कडेला मोत्यांसारखे दाणे असतात. ते दाणे तळहाताला टोचले की हात बरोबर बसला, असं मथुराबाई सांगत. तीन पिढ्यांत हातभर लांबीचं शिंग झिजून लिंबाएवढं बुडच उरलं होतं. पण दाणे शाबूत होते.

मथुराबाईंचा आणखी एक नियम होता. डोंगरातले ओहोळ वाहू लागल्याशिवाय नवं शिंग उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. उन्हाळ्यात कुणी आणलं तर त्या त्याला पाणी पाजून शिंगासकट परत पाठवत. "कोरड्या दिवसातलं शिंग, त्याला गुण नाही," एवढंच म्हणत. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सुहासिनीकाकींनी हा नियम मोडला. सासूचं बुड त्यांनी लहान मुलांसाठी राखून ठेवलं, आणि मोठ्यांच्या दुखण्यांसाठी लेस्टर शिंग आणून देऊ लागला. लेस्टर मूळचा नालासोपाऱ्याचा. कळंबच्या किनाऱ्यावरच्या कॉटेजेस सजवून द्यायचं काम करायचा. जुन्या होड्यांची वल्ही, कंदील, बैलगाडीची चाकं, जे मिळेल ते भिंतीवर टांगायचा. शिंगंही टांगायचा. दर चैत्रात, वर्षभर पुरेल एवढा शिंगाचा एक फाटा काकींना फुकट द्यायचा, वर वाकून नमस्कारही करायचा. गुण येत होता. मग कोरडे दिवस कोण मोजतंय!

गेल्या फेब्रुवारीत गावच्या हॉलमध्ये स्टेफी तुस्कानो उभी राहिली. उमेळ्याचीच मुलगी, मागच्या आळीतली. वनरक्षक होऊन तुंगारेश्वराच्या डोंगरावर नेमणूक मिळून आली होती. खाकी कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक.

"एप्रिल-मेमध्ये आपल्या बाजूच्या डोंगरात एकच कोंड, म्हणजे ओहोळातला डोह, ओला राहतो," ती म्हणाली. "सांबरं दिवसभर त्याच्या आसपास सावलीला असतात. शिंगंही तिथेच गळतात, म्हणून ती शोधणारे तिथेच फिरतात. माणूस दिसला की जनावर पाणी सोडून पळतं. उन्हात दमतं आणि कुत्र्यांना सापडतं. म्हणून पाऊस लागेपर्यंत मोठ्या ओहोळाच्या पलीकडे कुणी जायचं नाही. आणि गळलेलं शिंग उचलणं, विकणं, परवान्याशिवाय घरात ठेवणं, हा गुन्हाच आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावं."

काकींना आठवलं. ओहोळ. कोरडे दिवस. सासूचा आवाज कानामागे आला. पण हॉल भरलेला होता, आणि सगळ्या माना काकींकडे वळल्या होत्या. भरल्या सभेने आपल्याकडे पाहिलं की गप्प बसणं काहींना जमतच नाही. त्या उठल्या.

"वनरक्षकबाई, एक विचारू? तुम्ही तिसरीत होतात, तेव्हा भोपळ्यासारखं तोंड घेऊन माझ्या ओट्यावर आला होतात. तेव्हा कुठे होता हो तुमचा कायदा?"

हॉल खदखदून हसला.

"कायदा तेव्हाही होता, काकी," स्टेफी म्हणाली. "मी तिसरीत होते."

"सांबराने टाकून दिलेलं हाड ते! सांबर काय परत मागायला येणार आहे?"

टाळ्या पडल्या. "विचार, अजून विचार!" बेटी मागून ओरडली. कुणीतरी शिट्टी घातली. स्टेफीने कागद गोळा केले आणि ती मधल्या वाटेने निघून गेली. तिच्यासाठी कुणी पाय आवरले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी लेस्टर पेढे घेऊन हजर. "काकी, काल तुम्ही तिला झोपवलंत! आता एवढं करा. शिंगं दिसली की डोंगराखालच्या पाड्यावरचे लोक माझी गाडी अडवतात. तुमच्या लेपाला सगळे मानतात. तुमच्या हातची एक चिठ्ठी असली, तर सोडतील."

काकींनी लिहिलं, 'ही शिंगं औषधासाठी आहेत. सुहासिनी भालचंद्र राऊत, उमेळे.'

त्यांचे यजमान भालचंद्र शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. खुर्चीतून मान लांब करून ते म्हणाले, "अगं, किती शिंगं ते लिही. आकडा नसलेली चिठ्ठी देऊ नये."

"तुम्ही आयुष्यभर पोरांना सावधान-विश्राम केलंत. आता तुम्ही विश्राम."

भालचंद्रांनी पेपर तोंडासमोर धरला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्टेफी ओट्यावर आली. बसली नाही. "कोंडापाशी नर मेलाय," ती म्हणाली. "कुत्री मागे लावून दमवला आणि मग मारला. डोकं नाही. म्हणजे त्याची शिंगं अजून गळायची होती. पाड्यावरच्यांनी लेस्टरची गाडी अडवली होती, पण तुमची चिठ्ठी बघून सोडली. उमेळ्याच्या लेपवाल्या काकींचं नाव आहे, म्हणाले."

"म्हणजे मी मारला?"

"मी चिठ्ठीचं विचारतेय."

"आणि मी तुझ्या अकलेचं विचारतेय. कुत्र्यांनी मारला म्हणतेस, मग मुंडकंही कुत्र्यांनीच पिशवीत घालून नेलं असेल!" काकींनी हे असं म्हटलं की कुंपणापलीकडे बेटीला नीट ऐकू जावं. गेलंही. बेटी हसली.

स्टेफी पायऱ्या उतरली. "तुमच्यामुळे पाड्यावरची माणसं फसली, काकी," ती वळून म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"सांग, स्टेफीला जनावरं कळतात, माणसं कळत नाहीत."

दोन दिवसांनी लेस्टर आला. गोणपाटात गुंडाळलेलं शिंग त्याने काकींपुढे ठेवलं. देखणं, तपकिरी, हातापेक्षा लांब. फक्त एक फाटा टोकाला मोडलेला.

"उगाळून तरी बघा," तो म्हणाला.

काकींनी सहाण ओढली, पाणी शिंपडलं, शिंग उलटं धरलं आणि बुड तळहातात घेतलं.

हात बसेना. त्यांनी पकड बदलली. तरी बसेना. तळहाताला दाणे टोचायला हवे होते, आणि तिथे सपाट लागत होतं. लाकडी पाटाच्या कडेसारखं सपाट. त्यांनी शिंग वळवून उजेडात धरलं. बुड करवतीने कापलेलं होतं. कापाच्या कडेला लालसर काळी रेघ होती आणि वासही ओला होता.

आपोआप गळलेल्या शिंगाला करवत कशाला लागते?

काकींनी शिंग खाली ठेवलं नाही. चेहराही बदलला नाही. चेहरा न बदलणं ही मोठी विद्या आहे, आणि ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.

"लेस्टर, हे सरळ का रे कापलंय?"

"भिंतीला बसावं म्हणून." मग काकी काहीच बोलेनात, तसा तो स्वतःच पुढे बोलत गेला. बढाई मारणाऱ्याला शांतता सहन होत नाही. "कळंबच्या एका पार्टीला जोडी हवी होती, काकी. दोन्ही अगदी सारखी. आता गळलेल्यांची जोडी कुठे मिळते? एक आज पडतं, दुसरं कुठेतरी लांब. मग काय करणार? पण पळापळीत याचा फाटा मोडला. पार्टी म्हणाली, नको. दुसरं घरी पडलंय. म्हटलं, वाया कशाला घालवा, औषधाला तरी होईल."

आत भालचंद्रांचा पेपर खाली आला.

"आणि त्या पोरीने विचारलं तर?" काकी म्हणाल्या.

लेस्टर हसला. "तुम्ही सांगणार नाही. मी अडकलो तर पहिली तुमची झडती. तुमच्या कनवटीला काय असतं ते उभ्या गावाला माहीत आहे. सासूबाईंचं शिंग सरकारजमा करून तुम्ही ओट्यावर काय उगाळणार? खोबरं?"

"खरं आहे तुझं," काकी म्हणाल्या. "ठेव ते. मी बघते."

तो गेल्यावर त्यांनी दोन्ही शिंगं ताडून पाहिली. एका हातात कापलेलं शिंग, दुसऱ्या हातात सासूचं बुड. भालचंद्र दारात येऊन उभे राहिले.

"काही बोलू नका," काकी म्हणाल्या. "आकडा लिहायला हवा होता, मला माहीत आहे. उशीचा अभ्रा द्या मोठासा. आणि रिक्षा बघा."

वनखात्याच्या चौकीत स्टेफी टेबलामागे होती. काकींनी अभ्र्यातून शिंग काढून तिच्यापुढे ठेवलं. लेस्टर काय बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं, त्याच्याच आवाजात. चिठ्ठी आपणच लिहिली, तेही सांगितलं.

"त्याच्या घराची झडती घेऊ," स्टेफी म्हणाली. "पण तो म्हणेल हे गळलेलंच होतं, मी फक्त नीट कापलं. गळलेलं नाही हे तुम्ही कशावरून ओळखलंत, ते जबाबात लागेल."

काकींनी तिच्याकडे पाहिलं. पोरीला काय हवं होतं ते त्यांना कळलं. पोरगी मागत मात्र नव्हती.

त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि सासूचं बुड त्या कापलेल्या शिंगाच्या शेजारी ठेवलं. एक गोल, दाणेदार. एक सपाट. लहान मुलालाही फरक कळला असता.

"हे गळलेलं," काकी म्हणाल्या. "ते गळलेलं नाही. आता लिही."

"हे परत देता येणार नाही, काकी."

"मी मागितलं?"

"स्वतःहून जमा केलं असं लिहिते. पुढचं साहेब ठरवतील."

"तुझे उपकार नकोत मला. घडलं तसं लिही. आणि हेही लिही की माझ्या सासूबाई कोरड्या दिवसात शिंग घरात घेत नसत. तू खाकी घालायच्या आधीपासून."

स्टेफीचं पेन थांबलं. "मग हॉलमध्ये हे का नाही बोललात?"

काकींनी पेनाकडे बोट केलं. "थांबू नकोस. लिही."

स्टेफीने जबाब वाचून दाखवला. शेवटी आलं, "सांबरशिंगाचा जुना झिजलेला तुकडा, एक. वजन नगण्य."

"खोड ते."

"काय?"

"नगण्य खोड. तुझा डावा गाल आणि तुझ्या भावाचे दोन्ही, यानेच उतरलेत. काटा असेल ना सरकारकडे? वजन कर."

स्टेफीने तोंड घट्ट मिटलं. कपाटातला छोटा काटा काढला, त्यावर बुड ठेवलं, 'नगण्य' खोडून लिहिलं, "एकाहत्तर ग्रॅम," आणि कागद पुढे सरकवला. काकींनी सही केली. दोघी उठल्या.

लेस्टरच्या घरी दुसरं शिंग सापडलं. त्याला नेलं त्या दिवशी गावात बोभाटा झाला. लेस्टरबद्दल कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पण लेप गेला होता, आणि तो काकींनी आपल्या हाताने, हॉलमध्ये जिची सगळ्यांनी मिळून टाळ्या पिटत खिल्ली उडवली त्या पोरीच्या टेबलावर नेऊन दिला होता. याला गावात क्षमा नव्हती.

जूनमध्ये बेटीच्या नातवाला, जॉयलला, गालगुंड झालं. बेटी कुंपणापाशी आली ती झाडू हातात घेऊनच.

"घालवलंस ना गावाचं औषध?"

काकी ओट्यावर बसल्या होत्या. कोरडी सहाण शेजारी होती. उजव्या हाताची मूठ मांडीवर, सवयीने अर्धी मिटलेली, आत काही नाही.

"घालवलं," त्या म्हणाल्या. "त्याला डॉक्टरकडे ने, आजच ने. आणि बेटी, ती धूळ तुझ्या बाजूला लोट."