सिरियल पोर्टची फुकट वीज

बायकोची अट साधी होती. माझा जुना कॉम्प्युटर घरातलं एक तरी काम करत असेल, तर राहील. काम थांबलं की येणाऱ्या रविवारी कबाडीवाला. नोकरीच्या पहिल्या पगारांतून जमवून घेतलेलं ते यंत्र. ते मी सहजासहजी जाऊ देणार नव्हतो.

म्हणून मी त्याला घरातलं तापमान पडद्यावर दाखवणारा थर्मामीटर जोडला. मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो. पूर्वी त्यात माउस लागायचा. निरोप नेणाऱ्या त्याच्या तारांतूनच चिमूटभर वीज काढून घेता येते. वेगळा अ‍ॅडॉप्टर नको, प्लग नको. फुकट ते पौष्टिक! ही फुकटची वीज मिळवायला अख्खा कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवावा लागतो, असा मुद्दा बायकोने काढला. तो तांत्रिक नाही म्हणून मी फेटाळला.

आमच्या घरी चाळीस अंशांखाली कूलर लावत नाहीत. नियम माझाच. मे महिन्यात पडद्यावर एक्केचाळीस उमटलं, कूलर सुरू झाला आणि मी कॉलर ताठ करून फिरलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर नागपूरकर कसला? शेजाऱ्यांना खिडकीतून दिसावेत म्हणून त्याच पोर्टवर तीन हिरवे दिवे चढवले.

मंगळवारी आकडा छत्तीसच्या वर जाईना. दिवे काढले, तरी हलेना. जास्त वीज ओढल्याने पोर्टच जळला होता. हे सांगितलं तर यंत्र गेलं. मी गप्प बसलो, आणि नियमाप्रमाणे कूलरही.

"बाहेर डांबर पातळ होऊन राहिलं, अन् तुमच्या डब्यात छत्तीसच काहून?" बायकोने विचारलं.

"अवं, ते सावलीतलं आहे," मी ओला दुपट्टा डोक्यावर घेत म्हणालो.

शनिवारी दुपारी पोळ्या करून ती बाहेर आली. चेहरा लालबुंद. भिंतीला टेकून खाली बसली. मला स्वतःची लाज वाटली.

"अवं, ते यंत्र खोटं सांगून राहिलं," मी म्हणालो. "मंगळवारपासूनच जळलं आहे."

ती उठली, तिने कूलर लावला.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाले मी जास्त का तो डब्बा, येवढंच पाहून राहिली होती."

मला उत्तर द्यायला चार दिवस लागले होते.