भाईंच्या गाडीचे दागिने

जुन्या अँबॅसेडरच्या दारावर जी लांब, चकचकीत पट्टी असते ना, तिच्यासाठी मी उभ्या नगर जिल्ह्यातलं भंगार पालथं घातलं आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणून नोकरी केली, पोरांना सरळ रेघ शिकवता शिकवता निवृत्त झालो, आणि स्वतःच्या गाडीवरची एक रेघ काही पुरी झाली नाही. पुढच्या डाव्या दाराची पट्टी एका टेम्पोने खरवडून नेली, ती गेलीच.

कुठल्याही मॉडेलची पट्टी कुठल्याही मॉडेलला बसते, असं भंगारवाले छातीठोकपणे सांगतात. बसते, पण कशी? रुंदी जुळली तर लांबी जुळत नाही, आणि दोन्ही जुळली तर आतल्या क्लिपा दाराच्या भोकांवर येत नाहीत. श्रीगोंद्याकडे एका ऊसवाल्याच्या गोठ्यात अशीच एक गाडी उभी होती, आत कोंबड्या नांदत होत्या. तिची पट्टी मोठ्या हौसेने आणली, तर ती नंतरच्या मॉडेलची निघाली. दाराला नवी भोकं पाडू म्हणून गॅरेजवाला मागे लागला. मी म्हटलं, त्यापेक्षा मी बिनपट्टीचा मेलेला बरा. बायको म्हणाली, "मेल्यावर ती पट्टी तुमच्यावरच ठेवते."

या हिंडण्यातच शेवगावचे भाई भेटले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानासमोर त्यांची काळी अँबॅसेडर उभी असायची, माझ्याच मॉडेलची. डाव्या दाराची पट्टी शाबूत, पण चाकांवरचे निकेलचे कप पडून गेलेले, बोनेटवरचं चिन्ह कुणीतरी उपटून नेलेलं. कप आणि चिन्ह माझ्याकडे होतं. म्हणजे दोघांचं मिळून एका गाडीचं सामान पुरं होत होतं. मी पट्टी विकत मागितली तेव्हा भाई हसले.

"इकायची न्हाई मास्तर. दागिने कुनी इकतं का? तुमच्यात लगीन निघालं की घालायला न्या. माज्यात निघालं की तुमचे द्या."

तेव्हापासून तसंच चाललं. माझ्या पुतण्याच्या लग्नाला त्यांची पट्टी नगरला आली, त्यांच्या मुलींच्या लग्नांना माझे कप शेवगावला गेले. शेजारणीचं भांडं जसं आपण रिकामं परत देत नाही, तसं भाई माझं सामान कधी उघडं परत द्यायचे नाहीत. दुकानातल्या कोऱ्या कापडात गुंडाळून द्यायचे. बायकोचे कितीतरी ब्लाउज त्यातून झाले. पट्टी बसवायला मी उकिडवा बसायचो, तळहाताने एका टोकाकडून दाबत जायचो आणि एकेक क्लिप टक् करून धरायची. भाई रस्त्यापलीकडे उभे राहून डोळे बारीक करून बघायचे आणि ओरडायचे, "मागं खाली गेली मास्तर, केसभर." मग पुन्हा काढायची. चिडायचो मी, पण ती रेघ त्यांच्याइतकी कुणालाच दिसत नव्हती, हेही खरं.

मग भाईंचं हृदय थकलं. नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी रोज जायचो. एक दिवस त्यांनी माझं मनगट धरलं. बोलताना धाप लागत होती.

"पोरं पुन्याला हायत. त्यास्नी गाडीचं काय न्हाई. मास्तर, मोडू देऊ नगा. आक्खी ऱ्हाऊ द्या. कुठं का व्हईना."

मी शब्द दिला. आयुष्यात मी फार शब्द दिलेले नाहीत, देण्यासारखं आपल्याकडे होतंच काय? हा दिला. भाई त्याच आठवड्यात गेले.

गाडी माझ्याकडे आणायची तर दुसऱ्या गाडीला जागा हवी होती. शेजाऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे टाकून घेतले. भाई गेल्यावर शेवगावला येऊन राहिलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाला फोन करून बजावलं, "मी येईपर्यंत मला विचारल्याशिवाय काही विकू नका." तो म्हणाला, "काका, निर्धास्त ऱ्हावा. तुमचं सगळं जपून ठेवतो." मी निर्धास्त राहिलो. रविवारी ओढून आणायला टेम्पो आणि दोर घेऊन शेवगावला पोचलो, तर दुकानासमोरची जागा झाडून स्वच्छ केलेली होती.

थोरला आतून सिमेंटचं एक पोतं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. पोत्यात पट्ट्या होत्या. चारी दारांच्या, मडगार्डच्या, काचांभोवतीच्या, जाळीसुद्धा. "एक बी वाकू दिली न्हाई काका. मी सोता बसून काढल्या. गाडीला तर रस्त्यावरनं हलवा म्हनून लोक तगादा लावत हुते, ती परवा दिली भंगारात. पन तुमाला ज्याची गरज, ते सगळं हाय यात."

त्याच्या चेहऱ्यावर काम नीट केल्याचं समाधान होतं. त्याला काय बोलणार? तो लहानाचा मोठा होईपर्यंत मी त्या घरात पट्ट्यांशिवाय दुसरं काही बोललोच नव्हतो. मास्तरांना पट्ट्या हव्या असतात, एवढंच त्याने लहानपणापासून ऐकलेलं. त्याने मनापासून दिलं. त्याच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

भंगारवाला गावाबाहेर होता. गाडीचं टप कापून बाजूला ठेवलेलं होतं, काळं, वर धूळ बसलेली. दारं एकावर एक रचलेली होती. डावं पुढचं दार सगळ्यात वर होतं, क्लिपांची भोकं आभाळाकडे करून. ती भोकं मी बोटांनी चाचपली. भंगारवाला म्हणाला, "दार पायजे का? चांगलं हाय." मी नको म्हणालो. इतकी वर्षं मी अशा ठिकाणी हसत हसत शिरलो. कुणाची तरी गाडी मेली म्हणून मला पट्टी मिळणार, हे तेव्हा कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि त्यानंतर आजतागायत मला कुठल्याही भंगारात पाय टाकवलेला नाही.

संताप असा आला होता की ते पोतं त्या मुलाच्या दारात आपटावं आणि निघून यावं, म्हणून परत गेलो. दारातच त्याने मला थांबवलं आणि हळूच म्हणाला, "काका, अम्मीला गाडी तुमीच नेली म्हनून सांगितलंय. तिला सहन झालं नसतं."

भाभींची इद्दत चालू होती. नवरा गेल्यावर बाई तेवढा काळ घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. गाडी ओढून नेताना त्यांनी फक्त आवाज ऐकला असणार. आता माझा आवाज ऐकून त्या पडद्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, चा घेतल्याबिगर जाऊ नगा. गाडी नीट पोचली ना?"

पोतं माझ्या हातात होतं. ते जमिनीला टेकवलं तर आवाज होईल, म्हणून धरूनच उभा राहिलो.

"पोचली, भाभी."

"सावलीत हाय ना?"

"पत्रे टाकलेत वर."

"लई बरं झालं. ह्यांचा जीव त्यात हुता. लोकं म्हनायची, भंगारात घाला. म्या म्हनलं, मास्तर हायत." पडदा जरासा हलला. "धाकटीचं ठरलंय. इद्दत सरली की लगीन. ह्यांनी लई दिस बोलून ठेवलं हुतं, पोरगी त्यातनंच सासरी जानार म्हनून. सगळे दागिने घालून आनाल ना?"

थोरला खाली मान घालून उभा होता. मी आणतो म्हणालो.

पट्टी माझ्या दाराला बसली. एकही क्लिप अडली नाही. लग्न पुढच्या महिन्यात आहे, आणि माझी गाडी पांढरी आहे.