कालचं विचारणाऱ्या अक्का

अक्का कुणाच्याही घरी टेकत नसत. "बसा ना अक्का" म्हणून कुणी गोधडी अंथरीपर्यंत त्या चुलीपाशी पोचलेल्या असायच्या. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पोरांना झोळीत घालून टांगायचा वजनकाटा नि दंड मोजायची फीत, आणि नजर आधी फडताळावर, मग चुलीवर, मग पोरांच्या दंडांवर. घरातल्या बाईला कळायच्या आत अर्धी पाहणी आटोपलेली असे. धुळ्याच्या आमच्या कचेरीत त्या पर्यवेक्षिका होत्या, पण आसपासच्या खेड्यांत त्यांना सगळे काट्यावाली अक्का म्हणत.

ऐंशीच्या दशकातली ती दुष्काळी वर्षं. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी जळगावहून नुकतीच नोकरीवर आले होते. गावोगावी जाऊन कोणाच्या घरात किती धान्य उरलंय, मुलं काय खातात, त्यांचं वजन किती, हे दर महिन्याला फॉर्मवर भरायचं. ते फॉर्म पाहून साहेब ठरवत, कोणत्या गावात मुलांना सुकडीचा पोषक आहार देणारं केंद्र उघडायचं. काय खाता ते विचारायचं आणि लिहायचं, त्यात काय एवढं, असं मला वाटायचं. पदवीचा ताठा होता, दुसरं काय.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाईला विचारलं, "रोज काय खाता?"

"भाकर, दाळ, भाजी. बठ्ठं खातस ना ताई."

मी लिहायला लागले तेवढ्यात अक्का मागून म्हणाल्या, "काल काय रांधलं होतं?"

बाईने खाली पाहिलं. "काल भाकर नि मिरची."

"आणि पोराला?"

"पानीमा भाकर चुरी दिन्ही."

बाहेर आल्यावर अक्का चालता चालताच बोलल्या, "रोजचं विचारलंस की बाई तिला जे रांधावंसं वाटतं ते सांगते. खोटं बोलत नाही बिचारी. पण तू कालचं विचार." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, एवढं शिकवायला उन्हात पळवायची काय गरज होती?

कारण त्या पळायच्याच. एसटी थांबायच्या आत पायरीवर उतरलेल्या असायच्या. डबा उभ्याने खायच्या, तोही पुढच्या घराचा नंबर बघत. साहेबांकडे सत्यनारायणाला गेल्या, तर तीर्थप्रसादाआधी त्यांच्या नातवाच्या दंडाला फीत लावून मोकळ्या. पोर गुटगुटीत होतं, तरी बाईसाहेब महिनाभर घुश्शात होत्या. मी हसले तेव्हा अक्का म्हणाल्या, "हसतेस काय? दंड दिसला की हात थांबत नाही माझा." त्यांच्याबरोबर दिवस काढला की माझे पाय दुखायचे आणि डोकंही. मला त्यांचा राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी लागोपाठ तिसरा पावसाळा कोरडा गेला. अक्का हिवतापाने पडल्या होत्या, म्हणून शिंदखेड्याच्या पलीकडच्या एका गावी मी एकटीच गेले. घरोघर बसले, बिनदुधाचा चहा घेतला. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बोटांनी वाजवून पाहिल्या. सगळ्या भरल्यासारख्या बद्द वाजल्या. मी समाधानाने लिहिलं, चार महिन्यांचं धान्य शिल्लक. गाव केंद्रांच्या यादीतून गळलं.

पुढच्या महिन्यात अक्का माझ्याबरोबर त्या गावी आल्या आणि स्टँडवर उतरताच पिठाच्या गिरणीसमोर थांबल्या. भर दुपारी गिरणी बंद होती. गिरणीवाले आबा पट्ट्याशेजारी विडी ओढत बसले होते.

"आबा, लाइट गेली का?"

"लाइट शे. दळन नही." आबांनी कोपऱ्यातली तीन-चार फडकी दाखवली. एकेकात जेमतेम ओंजळभर ज्वारी. "पहिले डबा भरीसन आनेत, आते इतलं आनतस. चार जननं व्हस तवय गिरनी चालू करस."

 तिथून अक्का तडक रखमाच्या घरी गेल्या. माझ्या फॉर्मवरचं पहिलं घर तिचंच होतं. अक्कांनी न विचारताच कोठीचं झाकण काढलं आणि हात आत घातला. वर चार बोटं ज्वारी, तिच्याखाली गोणपाट, आणि त्याखाली नदीतली वाळू.

रखमाने त्यांचा हात धरला. "कोनले सांगू नका, अक्का. वत्सीले दखाले पाव्हना येवाव शेतस."

वत्सी तिची नणंद. मुलगी बघायला आलेली माणसं जाता-येता कोठीवर बोटं वाजवून घर जोखतात, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. माझ्या मामांनीही वाजवली होती. गावातल्या अर्ध्या घरांनी अशीच अब्रू राखली होती. आणि पाहुण्यांसारखीच मीही बोटं वाजवून, चहा पिऊन निघून आले होते.

रखमाच्या कडेवर दीड वर्षाची सुमी होती. अक्कांनी तिला काट्याच्या झोळीत घातलं. पोरं झोळीत घातली की गाव गोळा करतात; सुमी गप्प लोंबकळत राहिली. अक्कांनी आकडा वाचला, पण मोठ्याने सांगितला नाही. दंडाला फीत त्यांनी दोनदा लावून पाहिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

अडचण अशी होती, की धान्य नसलेल्या घरांची नावं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागत. खरं लिहिलं तर वत्सीचं लग्न मोडणार, न लिहिलं तर सुमीला सुकडी नाही. परतीच्या एसटीत अक्का एकदा खिडकीशी, एकदा दाराशी उभ्या राहिल्या. धुळं येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. कोठीचा रकाना त्यांनी सगळ्या घरांसाठी कोरा सोडला आणि सोबत दोनच कागद जोडले. एकावर गिरणीत रोज किती दळण येतं ते, आबांच्या अंगठ्यासह. दुसऱ्यावर पोरांची वजनं, नावांशिवाय.

साहेब म्हणाले, "हे नियमात बसत नाही, बाई."

"नसेल बसत. गिरणी बंद आहे, एवढं खरं आहे."

"आणि गेल्या महिन्यातला फॉर्म? तो कुणाचा?"

"माझ्या हाताखालचा. म्हणजे माझाच."

मी तिथेच उभी होते. 

केंद्र उघडलं. अक्कांची बदली झाली, साक्रीच्याही पुढे, डोंगरात. निघताना एवढंच म्हणाल्या, "सुमीचं वजन दर आठवड्याला कळवत जा. पोस्टकार्डावर. बाकी काही लिहायची गरज नाही."

पहिले तीन आठवडे मी कळवलं. वजन थोडं वाढलं, मग थांबलं, मग पुन्हा किंचित वाढलं. चौथ्या आठवड्यात गावात गोवर आला आणि सुमी गेली. धडधाकट पोरं उठून बसली. तिच्यात तग नव्हता, आणि तो यायला लागणारा एक महिना माझ्या फॉर्मने खाल्ला होता. रखमाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिला वाळू भरल्याचं अपराधी वाटत होतं, मला कोठी वाजवल्याचं.

त्या आठवड्यात मी कार्ड घेऊन बसले आणि लिहिलं, शंभर ग्रॅम वाढलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा शंभर. त्याच्या पुढच्यातही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. अक्का तिकडे डोंगरात एकट्या आहेत, एवढं तरी चांगलं त्यांच्या हाती पडू दे, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे भीती होती.

चौथ्या खोट्या कार्डाला उत्तर आलं. "दर आठवड्याला असं मोजून शंभर-शंभर ग्रॅमने कुठलंच पोर वाढत नाही. कधी गेली?"

मी खूप रडले. मग लिहिलं, "पाच आठवडे झाले. मंगळवारी. गोवर." आता अक्का दूषणं देतील, किंवा धीर देतील, किंवा यापुढे काही लिहिणारच नाहीत, असं वाटून मी रोज टपालाची वाट बघत होते. आठव्या दिवशी कार्ड आलं. एकच ओळ होती.

"गावातल्या बाकीच्या पोरांची खरी वजनं पाठव."

दुसऱ्या दिवशी मी गावात जाऊन एकूण एक पोर तोललं. काही वाढली होती, काही घटली होती. घटलेली मी सगळ्यात वर लिहिली आणि कार्ड टाकलं.