काचेआडचं ऊन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिच्याबद्दल आहे त्या आत्याला तर नाहीच.

आत्या आमच्याकडेच राहते, भाईंदरला. मागच्या वर्षी तिच्या पायांतली ताकद गेली. विहारात वंदनेला खाली बसली की उठवायला दोघीजणी लागायच्या. मग ती मागे, खुर्चीवर बसू लागली. तिला ते फार लागलं — मी बघत होते.

तपासणीत व्हिटॅमिन डी कमी निघालं. औषधाचा कोर्स झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता रोज ऊन घ्या, हात न टेकता खुर्चीवरून उठायचा सराव करा. निघताना मला इंग्रजीत म्हणाले — काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, गच्चीवर न्या. आत्याने विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, ऊन घ्यायला सांगितलंय.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप असतं. चावी सेक्रेटरींकडे मागायची. म्हणजे बेल वाजवायची, आत चार माणसं बसलेली असणार, त्यांच्यासमोर हिंदीत कारण सांगायचं... मला जमलं नाही. एवढ्याशासाठी? हो, एवढ्याशासाठी. मेसेज लिहिला, पुसला. घरी सांगितलं, गच्ची उघडत नाहीत, सोसायटीचा नियम आहे. आणि आत्याची खुर्ची बाल्कनीत ठेवली — कबुतरांमुळे कायम बंद असलेल्या काचांमागे.

ती तिथे रोज बसायची. पदर मागे सारून, हात उन्हात धरून. मी तिच्यासमोरून ऑफिसला निघायचे.

पुढचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला. डॉक्टर तिलाच रागावले, ऊन घेत नाही म्हणून. घेते हो, रोज घेते, ती म्हणत राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी — मी फाईल बॅगेत भरत होते.

परतताना रिक्षात आत्या म्हणाली, "माझं अंगच ऊन धरत नसेल, बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेक्रेटरींची बेल वाजवली. तोंडात ब्रश धरूनच ते म्हणाले, "चाबी? वॉचमन के पास है, बेटा. ले लो." बस. एवढंच होतं ते.

आता आत्या गच्चीवर ऊठ-बस करते. पाचव्या मजल्यावरच्या गुजराती काकूंनाही तिने खुर्ची आणायला लावली आहे. परवा विहारात ती खाली बसली. वंदना संपली, तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू, कुणाचा आधार न घेता, उठली. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "काय बघतेस? ती खुर्ची दे जा, लागत असेल कुणाला."

बाहेर चपला घालताना ती बायकांना सांगत होती, हिने गच्ची मिळवून दिली म्हणून. मी हसले.

तिचं अंग ऊन धरत होतं. मला माहीत होतं — रिक्षात ती तसं म्हणाली, तेव्हासुद्धा.