सासूबाईंचा अंगठा

आमचे हे गेले तेव्हा अंधेरीतल्या आमच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळून पडली होती. नवी घ्यायची तर पैसे बँकेत, आणि खातं एकट्या ह्यांच्या नावावर. मी आपली समजत होते, मूलबाळ नाही, बायको मीच, मृत्यूचा दाखला दाखवला की झालं. बँकेतले साहेब म्हणाले, "बाई, आईसुद्धा वारस असते. अर्धे त्यांचे. त्यांनी हिस्सा सोडला तरच सगळे तुम्हाला."

अर्ध्यात मोटर येत नव्हती हो. आणि सासूबाईंचा जीव गावच्या धाकट्या मुलावर. ह्यांचं दिवसपाणी उरकल्यापासून त्याच्या घराची कौलं बदलायची, हेच त्यांचं चाललेलं. सासूबाईंना हिश्शाचं कळलं, की अर्धे पैसे कौलांवर जाणार, हे मी मनाशी पक्कं केलं. विचारून बघावं, एवढंसुद्धा सुचलं नाही मला.

मी सांगितलं, "आई, ह्यांचं पासबुक बंद करायचंय. तुमचा अंगठा लागतो, बस."

"चल तर," म्हणाल्या. धुतलेलं लुगडं नेसून रिक्षात बसल्या.

मला वाटलं, शाई लावायची, अंगठा टेकवायचा, घरी. पण साहेबांनी कागद समोर धरला. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचा नियम असतो, हे मला कुठे ठाऊक! ते मोठमोठ्याने वाचायला लागले. "मयत मुलाच्या खात्यातला माझा अर्धा हिस्सा मी राजीखुशीने सुनेला सोडून देत आहे." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी.

"आजी, समजलं ना? सुनेनं घरी सांगितलं होतं का हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग साहेबांना म्हणाल्या, "सांगल्यान तर! चार दिस ताच सांगता. माका आता पाठ झाला. अंगठो खंय लावू?"

साहेब हसले. त्यांनीच सासूबाईंचा अंगठा धरून टेकवला.

परत येताना रिक्षात मी पदराने त्यांची शाई पुसायला गेले. त्यांनी हात काढून घेतला. "रवांदे. पदराक डाग पडतलो."

त्या भांडल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्यांनी तो विषय कधी काढलाच नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. गिरणी सुरू झाली. गावच्या घरावर त्या वर्षीही जुनीच कौलं राहिली. सासूबाई रोज डबे सांभाळत दाराशी बसायच्या. एखादी नवीन बाई विचारायची, "आजी, गिरणी तुमची का?"

"सुनेची," त्या सांगायच्या. अगदी सरळ, टोमणा नाही काही नाही.

मी आत, मोटरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवायची.