होडीचं बूच

सिंगापुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये गेली आठ वर्षं एक विनोद चालत आला आहे. गणपतीच्या आरतीनंतर किंवा कुणाच्या वाढदिवसाहून लोक घरी जायला निघाले, की दारात चपला घालता घालता कुणीतरी माझ्या मित्राला विचारतं, "काय हो, बूच लावलंत ना?" सगळे हसतात. मित्रही हसतो. मग लिफ्टपाशी थांबून तो खिसे चाचपतो. फोन, चष्मा, किल्ली. ते बघून लोक आणखी हसतात.

हा विनोद मी सुरू केला. आमच्याच काही मंडळींनी काढलेल्या एका दिवाळी अंकात मी त्यावर एक विनोदी लेखही लिहिला होता. लोकांनी फोन करकरून कौतुक केलं. त्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खोटी आहे. बूच मित्र विसरला नव्हता. मी विसरलो होतो.

आम्ही दोघं इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत वीस वर्षं बरोबर होतो. मी पुण्याचा, तो अलिबागजवळच्या खाडीकाठचा. त्याच्या गावी घरामागच्या तळ्यात जिताडे पाळलेले असत आणि मोठा जिताडा जावयासाठी राखून ठेवत. बेडोकच्या मार्केटात बर्फावर 'सी बास' अशी पाटी लावलेला मासा त्याने पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो माझा दंड धरून ओरडला होता, "अरे, हा तर आमचा जिताडा!" मासेवाली चिनी बाई दचकली होती. मी मासे खात नाही. पण गळ टाकून बसायला मला आवडायचं. काही न बोलता दुसऱ्या माणसाबरोबर चार तास काढता येतात, असं तेवढं एकच ठिकाण मला माहीत होतं.

निवृत्तीच्या सुमाराला आम्ही दोघांत मिळून एक जुनी होडी घेतली. पंधरा फुटी, अॅल्युमिनियमची, डीप-व्ही. म्हणजे तळ सपाट नाही, नांगराच्या फाळासारखा मधोमध खोल गेलेला. मला सपाट तळाची हवी होती, कारण तिच्यात उभं राहून गळ फेकता येतो.

"सपाट होडी उभी असताना शहाणी आणि चालताना वेडी," तो म्हणाला. "इथे सारखे बार्ज जातात. त्यांच्या लाटांवर आपटून तुझा कणा मोडेल."

"आणि ही?"

"ही उलटी. चालताना लाट कापत जाते. थांबली की पाळण्यासारखी डुलते. तू आपला बसून मासे धर."

त्याचं खरं होतं. जोहोरच्या सामुद्रधुनीत मोठ्या बोटींच्या लाटा येत, त्या ही होडी सरळ चिरत जायची. थांबलो की मात्र आम्ही ठरलेल्या बाजूंना बसायचो. एक उठला तर दुसऱ्याने सरकायचं. आठवड्यातून एकदा, सकाळी, किनाऱ्यावरच्या एका क्लबातून आम्ही निघायचो. वहिनींना, म्हणजे मित्राच्या बायकोला, हा सगळा उद्योग मान्य नव्हता. "भावजी बरोबर आहेत म्हणून सोडते," त्या म्हणायच्या. "तुमच्यावर नाही सोडलं, त्यांच्यावर सोडलंय." हे ऐकून मला बरं वाटायचं. किती बरं वाटायचं ते मला नंतर कळलं.

अशा होडीच्या मागच्या फळीत, अगदी तळाशी, एक भोक असतं. होडी बाहेर काढून धुतली की आत साचलेलं पाणी त्यातून जाऊ द्यायचं आणि पुन्हा उतरवण्याआधी आट्यांचं पितळी बूच घट्ट फिरवून लावायचं. मित्राने एक शिस्त घातली होती. बूच काढलं की लाल दोऱ्याने ते इंजिनाच्या किल्लीला बांधायचं. किल्ली हातात घेतली की बूच हातात आलंच पाहिजे.

ज्या दिवसावर मी तो लेख लिहिला, त्याच्या आधीच्या रविवारी तो लवकर घरी गेला होता. होडी मी एकट्याने धुतली. किल्ली मेकॅनिकसाठी क्लबाच्या ऑफिसात ठेवायची होती, म्हणून दोरा सोडून बूच मी माझ्या जाकिटाच्या खिशात टाकलं. आठवड्याने आलो तेव्हा मी फोनवर पुण्याला बहिणीशी बोलत होतो. मित्राने ऑफिसातून किल्ली आणली. तिला बूच नव्हतं.

"बूच?" त्याने विचारलं.

"लावलंय, लावलंय," मी फोनवर हात ठेवून म्हणालो. "चल."

एवढंच. यातला शब्दन् शब्द मला आठवतो.

होडी वेगात असते तेव्हा त्या भोकातून फारसं पाणी आत येत नाही. मत्स्यशेतीच्या तरंगत्या पिंजऱ्यांजवळ आम्ही नांगर टाकला, तेव्हा ते यायला लागलं. ते खोल तळात, पायाखालच्या फळ्यांच्या खाली साचत गेलं. वरून काही दिसेना. थोड्या वेळाने मीच म्हणालो, "आज बघ, किती शांत उभी आहे." नेहमी डुलणारी होडी डुलत नव्हती. मित्राच्या गळाला त्याच वेळी जिताडा लागला होता आणि रॉड वाकून पाण्याला टेकला होता. माझं वाक्य ऐकून त्याने मान वळवली. त्याचा चेहरा उतरला. जिताड्याची दोरी त्याने चाकूने कापली आणि तो मागे धावला, तोवर फळ्यांवर पाणी आलं होतं.

"बूच नाहीये!"

पालथा पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून, तो भोकात रुमाल कोंबायला लागला. मी शिट्टीसाठी जाकिटाच्या खिशात हात घातला आणि बोटांना आटे लागले.

दोन पावलांवर तो होता. मला फक्त हात पुढे करायचा होता. बूच आतूनही बसतं. पाणी तिथेच थांबलं असतं, इंजिनही वाचलं असतं. मी हात होडीबाहेर नेला आणि मूठ उघडली. आवाजसुद्धा झाला नाही. मला त्या क्षणी वहिनींचा चेहरा दिसत होता. त्यांच्यावर सोडलंय, म्हणणारा. पुढे मी पुष्कळ कारणं शोधली, घाबरलो होतो, वय झालं होतं. खरं कारण एवढं एकच.

पिंजऱ्यांवरच्या माणसाने आमचा आरडाओरडा ऐकून त्याच्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. जेट्टीवर आम्ही भिजून बसलो होतो. मित्र म्हणाला, "मी तुला विचारलं होतं ना रे? बूच म्हणून?"

"नाही," मी म्हणालो.

"अरे, तू फोनवर होतास..."

"फोनवर होतो म्हणूनच तुझ्यावर सोडलं होतं. तू काही विचारलं नाहीस."

वीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनात आलं नाही. त्याने संशय स्वतःवर घेतला. "असेल," तो म्हणाला. "मला मात्र स्पष्ट आठवतंय."

आता जे सांगतो ते माहीत असूनही मी तसा वागलो, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मित्राच्या वडिलांची स्मृती गेली होती. शेवटी ते स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते. महिनाभरापूर्वीच होडीत बसून तो मला म्हणाला होता, "दादांचं असंच सुरू झालं. आधी न घडलेल्या गोष्टी आठवायला लागल्या." त्या एकाच गोष्टीला तो भीत होता, आणि मीच ती त्याच्या हातात दिली.

होडी विकली. कंपनीत तो सल्ल्याचं थोडं काम करायचा, ते त्याने आपणहून सोडलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. वहिनी मला म्हणाल्या, "वयाच्या मानाने म्हणजे काय, भावजी? त्यांना न विचारलेलं विचारल्यासारखं आठवतंय." मी म्हणालो, "काळजी घ्या." त्याने खिशात छोटी वही ठेवायला सुरुवात केली. गॅस बंद केला, वेळ. औषध घेतलं, वेळ. चावी कुणाला दिली. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याचं डोकं माझ्यापेक्षा लख्ख आहे. जुन्या प्रोजेक्टचे आकडे तो तोंडपाठ सांगतो. पण ते कुणी मोजत नाही, तोही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या बेडोकच्या फ्लॅटवर गेलो होतो. त्याची नात दोन वर्षांची आहे. ती चपला घेऊन त्याच्याकडे आली, खाली खेळायला नेण्यासाठी. तो उठला, तशी त्याची मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "नो, बाबा. नॉट अलोन. मी येते थांबा." मग मला हळूच, "काका, यू नो लाह. बाबा ब्लर आहेत." 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट, आणि भानावर नसलेल्या माणसाला इथे ब्लर म्हणतात.

मित्र खाली बसला. नातीच्या चपला काढत तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं. माझ्यावर सोडू नये."

मी मरीन परेडला घरी परतलो आणि चार दिवस बाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी त्याला त्याच्या ब्लॉकखालच्या बाकावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. मेकॅनिक, जाकीट, फोन, पाण्यात सोडलेलं बूच. संपल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे मी विचारलं होतं."

"हो."

"आणि तू लावलंय म्हणालास."

"हो."

"दोनदा म्हणालास. लावलंय, लावलंय." आठ वर्षं त्याने ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं आणि भास समजून रोज दूर सारलं होतं. त्याने वही काढली, मग न उघडताच परत ठेवली.

मी म्हणालो, "चल, वर जाऊन वहिनींना दोघं मिळून सांगू."

"तू माझ्या घरी येऊ नकोस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आणि मी सांगून उपयोग नाही. म्हणतील, आता यांना आणखी भलतंच आठवायला लागलं. तू लिही. तुला लिहिता येतं ना? त्या वेळी लिहिलं होतंस, छान. तसंच छापून आण. फक्त या वेळी गमतीदार नको."

तो उठला, सवयीने खिसे चाचपले आणि लिफ्टकडे गेला. ती सवय माझ्या कबुलीने जायची नाही.

म्हणून हे लिहिलं. त्याच्या मुलीला मराठी वाचता येत नाही, तिला हे कुणीतरी वाचून दाखवावं. मला त्या घरी जाता येणार नाही. आणि वहिनी, त्या सकाळी त्यांनी मला विचारलं होतं. त्यांना बरोबर आठवत होतं. नातीला त्यांच्याबरोबर खाली जाऊ द्या.