वेग वाढवलेला कॉम्प्युटर आणि उजवा हात

चांगला चालणारा कॉम्प्युटर आमच्या ह्यांनी बंद पाडला, तोही वेग वाढवायला जाऊन. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात म्हणे त्याला. बनवणाऱ्याने ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त पळवायचं. मी म्हटलं, “अहो, आपल्याला कुठली गाडी पकडायचीय?” तर म्हणाले, “यंत्रात अजून दम आहे. वापरायला नको?”

जन्मभर भोसरीच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस, त्याला कोण समजावणार! आणि खरं सांगू, मला समजवावंसंही वाटलं नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात नीट चालत नव्हता आणि मदत म्हणून कोणाची घ्यायची नाही. भाकरी मोडून द्यायला गेले तर ताटच बाजूला सारायचे. “मी काय तान्हं बाळ आहे?” की मग दिवसभर अबोला. हात हळूहळू येईल, पण माणूस मनाने खचायला नको, असं डॉक्टर म्हणाले होते. मला त्याचीच धास्ती. डाव्या हाताने माऊस धरून कॉम्प्युटरवर खुडबुड करायचे, तेवढा वेळ मला माझा जुना नवरा दिसायचा.

तर त्या सकाळी वेग वाढवून झाला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि आतला पंखा घरघरतोय पण स्क्रीन काळाठिक्कर. धायरी फाट्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलवू म्हटलं तर डोळे वटारले. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी स्वतःच निदान केलं. डबा उघडायचा, आत रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, ती थोडा वेळ काढून ठेवायची आणि परत बसवायची. म्हणजे वाढवलेला वेग कॉम्प्युटर विसरतो.

आमच्या घरात मिक्सर उघडायचा असला तरी आधी कारखान्यातली लाल पाटी भिंतीवरच्या स्विचवर लटकते. ‘काम चालू आहे. स्विच चालू करू नये.’ ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मला नव्या नवरीला पहिल्या आठवड्यात हा नियम शिकवला होता, आता बोला!

स्विच बंद झाला, पाटी लागली. डबा डाव्या हाताने उघडला, बॅटरीही निघाली. बसवायला मात्र दोन्ही हात लागत होते. एकाने बॅटरी अडकवणारी धातूची बारीकशी पत्री मागे दाबायची, दुसऱ्याने बॅटरी सरकवायची. उजवी बोटं थरथरली आणि बॅटरी पडली. उचलली, परत पडली. “द्या इकडे” माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तसंच गिळलं. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “अगं, धर ना जरा. ही पत्री दाब. हळू! वाकवशील.”

ओरडले तरी चालेल, मी मनात म्हटलं. मी पत्री दाबली, त्यांनी बॅटरी बसवली.

कॉम्प्युटर चालू करायला गेलो तर काहीच नाही. आता तर पंखाही फिरेना. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “गेला. मला आता काहीच जमत नाही,” म्हणाले आणि खुर्चीत मिटून बसले. कॉम्प्युटर गेला खड्ड्यात, पण हा माणूस आता परत कशाला हात लावणार नाही, एवढंच डोक्यात. रडू दाबायला तोंड भिंतीकडे वळवलं, तर समोर लाल पाटी. वर्षानुवर्षं हात लावायचा नाही म्हणून माझी नजरही तिकडे जात नाही. आणि ज्यांनी लावली, ते साहेब विसरले होते.

“अहो,” मी म्हटलं, “ती पाटी कोणी काढायची? आम्हाला परवानगी नाही.”

त्यांनी वळून बघितलं, कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागले. असे हसले की मलाही आवरेना. पाटी काढून स्विच चालू केला तेव्हा स्क्रीनवर अक्षरं उमटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. ते मागे येऊन उभे राहिले. आजारपणापासून डोक्यावरून घालायचे टी-शर्टच वापरत होते. आज अंगात कपाटातला इस्त्रीचा शर्ट होता, पुढून उघडाच.

“बटणं लागत नाहीत माझ्याने,” म्हणाले. “लावतेस?”

मी गाळणी तशीच ठेवली आणि हात पदराला पुसले. डोळे इतके भरून आले होते की पहिलं बटण मी चुकीच्या काजात घातलं. ते मान वर करून थांबून राहिले.